जुना स्टिरिओ आणि सोलापूरची हवा

मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि कचेरीतील बदल्या-बढत्या ही प्रपंचाची मोठी प्रकरणे एकदा मार्गी लागली, की माणसाच्या हाती जो सलग वेळ येतो, त्याचा विनियोग कसा करावा या प्रश्नाला माझ्या परिचयातील सोलापूरच्या काही घरांत अलीकडे एक अनपेक्षित उत्तर सापडले आहे. माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर खाली उतरतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतली धूळ ब्रशाने काढली जाते, आणि तारुण्यात ज्या यंत्रांकडे दुकानाच्या काचेतून पाहून पुढे जावे लागले ती यंत्रे साठीनंतर दिवाणखान्यात येऊन बसतात. गतकाळाचे वेड म्हणून याची बोळवण करणारे लोक या छंदाचा अर्धाच भाग पाहतात, असे माझे मत आहे. स्मृतींचा ओढा त्यात आहेच, आणि तो असण्यात गैर काही नाही. परंतु जुना स्टिरिओ हा गृहोपयोगी यंत्रांच्या अशा शेवटच्या पिढीतला जिन्नस आहे, की ज्याचे चार स्क्रू काढले असता आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते, बोटांना उमगते, आणि निकामी झालेला भाग हुडकून त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. पिढ्यान्‌पिढ्या मागाचे बिघाड स्वतःच्या हाताने काढणाऱ्या या गावाला ही वृत्ती मुळीच परकी नाही.

हा छंद उतारवयातच का फुलतो, याचे उत्तर काही अंशी त्या काळच्या अर्थव्यवहारात आहे. साधा रेडिओ बाळगायचा तरी टपाल कचेरीत दरसाल शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, आणि ही पद्धत 1980 च्या दशकापर्यंत चालू होती. परदेशी बनावटीच्या ध्वनियंत्रांवर आयातीचे निर्बंध इतके कडक आणि सीमाशुल्क इतके भारी होते, की आखाती देशांतून परतलेल्या एखाद्या आप्ताच्या सामानातच काय ते जपानी यंत्र दृष्टीस पडावे. देशी बनावटीत मात्र निवड अगदीच तुटपुंजी नव्हती. मर्फीचा कारखाना ठाण्यास होता, फिलिप्सचा पुण्याजवळ. ग्रामोफोन कंपनीचा ‘एचएमव्ही फिएस्टा’ हा पेटीवजा प्लेअर मध्यमवर्गीय घरांत पोचला होता. कोलकात्यात 1970 साली सोनोडाइन ही कंपनी निघाली, आणि मुंबईच्या कॉस्मिकचे अ‍ॅम्प्लिफायर पुढे बऱ्याच जणांच्या इच्छेचा विषय झाले. यांखेरीज गावोगावचे रेडिओ मेकॅनिक सागवानी किंवा सनमायका लावलेल्या खोक्यात स्वतः जोडलेले अ‍ॅम्प्लिफायर विकत, आणि त्यांत बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी 187 व एसी 188 हे जोडीचे ट्रान्झिस्टर हटकून असत. पगारातून घरखर्च वजा जाता जे उरे त्यात असे यंत्र बसवणे बहुतेकांना जमले नाही. पुढे कॅसेट आली, मग कॉम्पॅक्ट डिस्क आली, 1990 च्या दशकात आपल्याकडे तबकड्या छापणेही थांबले, आणि ज्यांच्याकडे यंत्रे होती त्यांनीही ती अडगळीत टाकली. आज तीच यंत्रे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी आणि मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पाहायला मिळतात, आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यास जाऊन एखादा प्लेअर मांडीवर घेऊन परतणारा सोलापूरकर मी पाहिलेला आहे.

तबकड्यांच्या बाबतीत तर सोलापूर विशेष भाग्यवान आहे. 1860 साली येथे रेल्वे आली, 1877 च्या सुमारास पहिली कापड गिरणी उभी राहिली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाची सीमा तर हाकेच्या अंतरावर. सबब मराठी नाट्यपदे, कानडी भक्तिगीते, तेलुगू चित्रपटगीते आणि उर्दू कव्वाली यांच्या ध्वनिमुद्रिका एकाच गावात, कित्येकदा एकाच आळीत, सांभाळल्या गेल्या. 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली, आणि पुढे मुंबईबाहेर तिच्या ज्या शाखा निघाल्या त्यांत सोलापूरचीही एक होती. एखाद्या गावात गाण्याची आवड असणे वेगळे आणि ते गाणे कोणत्या कंपनीच्या, कोणत्या क्रमांकाच्या तबकडीवर उतरले आहे याची नोंद ठेवणारी माणसे असणे वेगळे. सोलापुरात ती होती आणि आहेत.

आता या यंत्राचे मर्म पाहू. ज्याने चादरीवरील नक्षी विणणारा जेकार्ड माग पाहिला आहे, त्याला तबकडीची कल्पना चटकन पटावी. तेथे पुठ्ठ्यांच्या छिद्रांत नक्षी साठवलेली असते आणि सुया ती चाचपून धाग्यांना आज्ञा देतात, येथे खाचेच्या भिंतींवर ध्वनी कोरलेला असतो आणि हिऱ्याचे टोक तो चाचपत जाते. 12 इंची लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवरील ही खाच, बावीस-एक मिनिटांचे गायन धरल्यास, साडेचारशे मीटरांहून लांब भरते. कडेला ती पिनेखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरकते आणि मध्याशी येईतो तो वेग निम्म्याहून कमी होतो, म्हणून तबकडीच्या शेवटाकडे, नेमक्या द्रुत तानांच्या वेळी, आवाज किंचित घासल्यासारखा येण्याची प्रवृत्ती असते. तो दोष गायकाचा नाही, बहुतांशी यंत्राचाही नाही. वर्तुळाच्या भूमितीचा आहे.

एका खाचेत दोन स्वतंत्र ध्वनी कसे मावतात, हा स्टिरिओचा खरा चमत्कार. ही युक्ती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याची. ईएमआय कंपनीत असताना डिसेंबर 1931 मध्ये त्याने तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणाहून येतो, हे पाहून त्याला ती सुचल्याचे सांगतात. खाचेच्या दोन भिंती पृष्ठभागाशी प्रत्येकी 45 अंशांचा कोन करून असतात. तबकडीच्या कडेकडील भिंतीवर उजव्या बाजूचा ध्वनी आणि मध्याकडील भिंतीवर डाव्या बाजूचा. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला ध्वनी पिनेला आडवा हलवतो आणि दोहोंतील फरक तिला वर-खाली हलवतो. इतकी सुटसुटीत योजना असूनही स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला 1958 उजाडले, आणि तोवर ब्लमलाइन हयात नव्हता. 1942 च्या जून महिन्यात विमानातून रडार यंत्रणेची चाचणी घेत असता झालेल्या अपघातात तो अवघ्या 38 व्या वर्षी गेला.

याच रचनेतून एक गोष्ट निघते, जी मराठी श्रोत्याच्या विशेष कामाची आहे आणि जिच्याकडे दुर्लक्ष होते. आपल्या संगीताचा जो ठेवा तबकड्यांवर आहे, त्यातला फार मोठा भाग, म्हणजे बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या मुद्रिका तर सर्वच आणि 1970 पूर्वीच्या भावगीतांच्या व ख्यालांच्या बहुसंख्य लाँग प्ले तबकड्या, मोनो, म्हणजे एकाच ध्वनीच्या, आहेत. त्यांची खाच फक्त आडवी डुलते. अशी तबकडी स्टिरिओ पिनेखाली लावली म्हणजे गाणे आडव्या हालचालीतून येते, परंतु धूळ, ओरखडे आणि मोटारीची घरघर यांमुळे होणारी वर-खाली हालचालही पिन इमानाने उचलते आणि खरखरीत भर घालते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ असे लिहिलेले एक बटन असते. ते दाबताच दोन्ही बाजू एकत्र होतात, वर-खाली हालचालीचा अंश परस्परांत वजा होऊन नाहीसा होतो, आणि गायकाच्या आवाजाभोवतीचे धुके विरळ झाल्याचा प्रत्यय तत्काळ येतो. नव्या यंत्रांवर हे बटन बहुधा नसते. ज्याला मराठी संगीत ऐकण्यासाठी जुने यंत्र घ्यावयाचे आहे त्याने वॉटचे आकडे मागाहून पाहावेत, प्रथम हे बटन आहे की नाही ते पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट ‘फोनो’ या जोडणीची. चुंबकीय पिनेतून निघणारा विद्युत्‌दाब एका व्होल्टच्या हजारांश भागात, साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट इतकाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तार स्वरांश मुद्दाम चढवलेले असतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद डुलेल की तबकडीवर दहा मिनिटेही मावणार नाहीत, आणि तार अंश न चढवावेत तर ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. 1954 मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उत्पादकांच्या संघटनेने या चढ-उताराचे एक प्रमाण ठरवून दिले, आणि पुढे तेच जगभर रूढ झाले. त्यात मध्यम स्वरांच्या तुलनेने अगदी खालचे स्वर सुमारे दहापट कमी आणि अगदी वरचे सुमारे दहापट अधिक जोराने कोरले जातात. अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो विभाग हा हिशेब नेमका उलटा करून देतो. नव्या म्युझिक सिस्टिमच्या साध्या जोडणीत चुंबकीय पिनेचा प्लेअर लावून आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो म्हणून निराश होणाऱ्यांची अडचण एवढीच असते, की मधला हा विभाग गहाळ आहे. फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरमध्ये स्फटिकाची पिन असे. तिचा दाब पुष्कळ अधिक आणि स्वभाव असा, की हा हिशेब ती स्वतःच ढोबळमानाने जुळवी, त्यामुळे तेथे वेगळ्या विभागाची गरज पडत नसे. मात्र ती तबकडीवर भारही अधिक टाकी. चांगल्या चुंबकीय पिनेला दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो, स्फटिकाच्या पिनेला त्याच्या तिप्पट-चौपट लागे. सबब दुर्मीळ तबकडी जुन्या पेटीवर वाजवण्याचा मोह आवरलेला बरा.

आता सोलापूरच्या हवेकडे वळतो, कारण या छंदात गावाची हवा ही घरातल्या माणसाइतकीच महत्त्वाची असते. येथील उन्हाळ्यात पारा 42–43 अंशांवर सहज जातो, आणि चालू अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातली उष्णता बाहेरच्याहून आणखी पंधरा-वीस अंश अधिक असते. या उष्णतेचा पहिला बळी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. ॲल्युमिनिअमच्या डबीत त्याच धातूच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, मध्ये द्रवाने भिजवलेला कागद, आणि पट्टीवर ऑक्साइडचा अत्यंत तलम थर, अशी त्याची घडण असते. तो द्रव वर्षानुवर्षे हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी उतरले की याचे आयुष्य साधारण दुप्पट होते आणि दहा अंशांनी चढले की निम्मे, असा या धंद्यातला आडाखा आहे. त्यानुसार पाहता महाबळेश्वरच्या थंड घरातील अ‍ॅम्प्लिफायर आणि सोलापुरात पत्र्याच्या खोलीत वैशाखातही चालवलेला अ‍ॅम्प्लिफायर यांच्या कंडेन्सरांच्या आयुष्यात चौपट अंतर पडले तर नवल नाही. सुकलेल्या कंडेन्सरची खूण कानाला कळते: आवाज पूर्ण खाली केला तरी कर्ण्यातून एक सलग, जाड गुणगुण येत राहते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची आणि ती सरळ करताना दोन्ही अर्धी वापरली जातात, म्हणून ही गुणगुण 100 कंपनांची असते.

असा अ‍ॅम्प्लिफायर उघडण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. वीस-पंचवीस वर्षे बंद असलेले यंत्र थेट भिंतीतल्या विजेला जोडू नये, हा पहिला दंडक. कारण पडून राहिलेल्या कंडेन्सरमधील ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो आणि एकदम पूर्ण दाब आला की तो फुटतो. जाणता मेकॅनिक डिमरस्टॅटने दाब थोडाथोडा चढवतो, किंवा साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालतो. यंत्रात कोठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, यंत्र धड असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. त्यानंतर वीज तोडून, मोठ्या कंडेन्सरमधला साठा रेझिस्टन्स लावून उतरवून, मगच हात आत घालावयाचा. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्टांचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. तेथे नवशिक्याने एकट्याने जाऊच नये. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात भीती कमी. फुगलेल्या माथ्याची डबी ओळखावयाची, तिच्या पायाजवळ सुकलेल्या द्रवाचा तपकिरी डाग पाहावयाचा, अधिक-उणे बाजू कागदावर लिहून ठेवावयाची, मग सोल्डरिंगचे तापलेले टोक पायाला टेकवताच कथिल-शिशाचा थेंब आरशासारखा चकाकतो, राळेचा धूर नाकाशी येतो, आणि चाळीस वर्षे जागेवर बसलेला तो भाग अलगद हाती येतो. नवा कंडेन्सर घेताना 85 अंशांऐवजी 105 अंशांची हमी असलेला घ्यावा. किंमत नाममात्र अधिक, आणि आमच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग मोठा. व्हॉल्यूमचे बटन फिरवताना होणारी खरखर ही बहुधा आतल्या कार्बनच्या पट्टीवरील धुळीची असते. साफ करण्याच्या फवाऱ्याचे दोन थेंब आणि बटनाच्या पाच-पंचवीस फेऱ्या एवढ्याने ती जाते.

रबर हा उष्णतेचा दुसरा बळी. थाळी फिरवणारा पट्टा सैल पडतो, किंवा जुन्या पद्धतीच्या प्लेअरमधले रबरी चाक काचेसारखे कडक होते आणि त्याचा प्रत्येक धक्का गाण्याखाली घरघर होऊन ऐकू येतो. कर्ण्याच्या कागदी कोनाभोवती फोमचे कडे असेल तर तेही काही वर्षांनी भुसभुशीत होऊन गळते. ते बदलून नवे चिकटवता येते. कापडाचे किंवा दुमडलेल्या कागदाचेच कडे असलेले जुने देशी कर्णे मात्र अर्धशतक उलटूनही धड सापडतात, आणि ही त्यांची मोठीच जमेची बाजू आहे. तबकड्यांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. भिंतीला तिरप्या टेकवलेल्या किंवा एकीवर एक रचून ठेवलेल्या तबकड्या उष्णतेने हळूहळू वाकतात. त्या उभ्या, ताठ आणि सैलही नाही अन् घट्टही नाही अशा ठेवाव्यात, आणि घरात जुने माळवद असेल तर त्याखालची खोली त्यांना द्यावी. मातीच्या जाड छताची आणि दगडी भिंतींची ती खोली भर दुपारीही जो गारवा राखते, तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही.

परंतु हीच हवा दुसऱ्या बाजूने वरदान ठरते, आणि हे सांगितल्याशिवाय सोलापूरला न्याय मिळणार नाही. मुंबईत किंवा कोकणात जपलेल्या संग्रहांचा खरा शत्रू दमटपणा असतो. तेथे तबकडीच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनावर बुरशी चढते, खाचेत तिचे तंतू घर करतात, यंत्राच्या सळ्यांना गंज धरतो, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात ओल शिरते. सोलापूरच्या कोरड्या हवेत वेष्टनांचे रंग आणि त्यांच्या पाठीवरचा मजकूर टिकून राहतो, लोखंडी भाग निर्मळ सापडतात. कोरडेपणाचा उपद्रव एकच, तो स्थिर विजेचा: हिवाळ्यात तबकडी वेष्टनातून काढताना चटचट आवाज होतो आणि आसपासची सगळी धूळ तिच्यावर धाव घेते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून, त्यात ओल्या केलेल्या मऊ कापडाने तबकडी खाचेच्या दिशेने पुसावी. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. आणि 78 फेऱ्यांच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावू नये; ती लाखेपासून केलेली असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. जगभरच्या ग्रामोफोन कारखान्यांना ही लाख प्रामुख्याने आपल्याच देशातल्या, छोटा नागपूरच्या रानांतून जात असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

जुने परदेशी यंत्र घेताना एक सावधगिरी. अमेरिकेतून आलेला प्लेअर 120 व्होल्ट आणि 60 आवर्तनांसाठी बनलेला असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टचा प्रश्न सुटतो, आवर्तनांचा सुटत नाही. ज्या मोटारी विजेच्या आवर्तनांशी ताल धरून फिरतात त्या आपल्याकडे सहापैकी पाच हिस्से वेगानेच फिरतात, आणि 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम पावणेअठ्ठावीस भरतात. वेग तपासण्याचे साधन मात्र सोपे आणि मोठे मनोहर आहे. कागदाच्या चकतीवर 180 समान काळ्या रेघा आखून ती फिरत्या थाळीवर ठेवावी आणि चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात पाहावी. ती नळी सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि थाळी नेमकी 33⅓ फेऱ्यांनी फिरत असेल तर रेघा जागच्या जागी खिळल्यासारख्या दिसतात. वेग वाढला की पुढे, घटला की मागे सरकू लागतात. 78 च्या तबकडीसाठी 77 रेघांचे कडे आखतात, त्यातून वेग 77.92 भरतो. सध्याच्या एलईडी दिव्यांच्या उजेडात ही परीक्षा बहुधा साधत नाही, म्हणून एक जुनी नळी जपून ठेवावी.

उतारवयात कानच मंदावलेले असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मुले-नातवंडे विचारतात, आणि तो विचारण्याजोगा आहे. वयोमानाने वरच्या कंपनांचे ज्ञान प्रथम जाते हे खरे. साठी उलटलेल्या बहुतेकांना आठ-दहा हजार कंपनांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. परंतु गाणाऱ्या गळ्याचा मूळ स्वर एक-दीड हजार कंपनांच्या आतच राहतो, तंबोऱ्याच्या जवारीचे जे सौंदर्य आपण ओळखतो त्याचा पुष्कळसा भाग पाच-सहा हजारांच्या आत असतो, आणि 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर त्याहून वरचे फारसे उतरलेलेच नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरील ट्रेबलचे बटन हे अशा कानांसाठी फारच सोयीचे साधन आहे. किंचित चढवले असता शब्दांतील स, श, च पुन्हा कडेने स्पष्ट होतात. ‘लाउडनेस’ या बटनामागेही शास्त्र आहे. आवाज हळू केला की मानवी कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवले. रात्री घरातली मंडळी झोपली असता हळू आवाजात ऐकणाऱ्याला ती उणीव हे बटन भरून देते.

आणि जेथे तरुण कानापेक्षा मुरलेला कान अधिक कामाचा ठरतो अशी एक जागा या छंदात आहे, ती म्हणजे जुन्या तबकडीचा खरा वेग ठरवणे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात 78 हा आकडा सर्वत्र पाळला जात नसे. विद्युत्‌ मुद्रण 1920 च्या दशकाच्या मध्याला आले आणि त्यानंतर तो हळूहळू स्थिर झाला. त्यापूर्वीच्या तबकड्या कोणी त्याहून मंद, कोणी जलद कोरल्या, आणि आज त्या सरसकट 78 ने वाजवल्या म्हणजे गायकाचा सूर चढतो वा उतरतो. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर एका पट्टीने हलतो; काळी चारचे गाणे पांढरी पाचमध्ये जाऊन बसते, लय बदलते, आणि गळ्याचा पोत ओळखीचा वाटेनासा होतो. ज्या जुन्या प्लेअरवर वेग बारकाईने कमी-अधिक करण्याचे बटन आहे, त्यावर अशी तबकडी लावून शेजारी हार्मोनिअम घेऊन बसावे, त्या गायकाच्या ठाऊक असलेल्या पट्टीशी षड्ज जुळेपर्यंत बटन हळूहळू फिरवावे, मग दुसऱ्या एखाद्या तबकडीवरून पडताळा घ्यावा. पेट्याही सगळ्या एकाच सुराला लावलेल्या नसतात, म्हणून पट्टी जुळली तरी अखेरचा निर्णय उच्चाराच्या गतीवरून, श्वासाच्या लांबीवरून आणि तबल्याच्या चाटेच्या खणखणीवरून करावा लागतो. हे ज्ञान चकतीवरच्या रेघांतून मिळत नाही. ते ज्यांनी देवळात, नाट्यगृहात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात प्रत्यक्ष गाणे ऐकण्यात वर्षे घालवली त्यांच्यापाशीच असते. असा ठरवलेला वेग तबकडीच्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवावा, गायकाची पट्टी आणि कोणत्या तबकडीवरून पडताळा घेतला तेही लिहावे, म्हणजे पुढे कोणी त्या ध्वनिमुद्रिकेची संगणकावर प्रत करावयास घेतली तर त्याला तो सूर पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.